पालक समितीवरची माझी सही

नंदाने केंद्राच्या फरशीवर लघवी केली आणि केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी माझ्या हातात फडकं दिलं. मी पुसलं. माझीच पोर, तिचं मीच पुसणार. त्यात काही नव्हतं. पण मी उठायला लागलो तसं बाईंनी दाराकडे बोट केलं. तिथे कुणाचा तरी चहा सांडला होता.

‘आता बसलाच आहात तर तेवढंही पुसून घ्या,’ त्या म्हणाल्या.

मी तेही पुसलं. मग त्यांनी व्हरांडा दाखवला. व्हरांड्यात देणगी द्यायला आलेल्या दोन बाया खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांनी बोलता बोलता पाय वर उचलले आणि मी खालून फडकं फिरवलं.

अर्ध्या तासापूर्वी मोठ्या बाईंनी नव्या वर्षाच्या नोंदवहीत नावं उतरवताना पहिल्यांदाच माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. ‘असं का,’ एवढंच म्हणून त्यांनी ते लिहिलं. खोलीत आणखी चार जणी आपापली मुलं घेऊन बसल्या होत्या. फडकं त्यांच्यापैकी कुणाकडे गेलं नाही.

मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस. तेव्हा संप चालू होता. दोन महिन्यांपूर्वी मोर्चात पोलिसाची काठी खांद्यावर घेतली होती आणि जागेवरून हललो नव्हतो. चाळीत लोक अजून त्या खांद्याची विचारपूस करत होते. तोच मी गुडघ्यांवर रांगत दोन बायांच्या पायांखालून फडकं फिरवत होतो. का, तर घाबरलो होतो म्हणून. पुष्कळ वर्षं दुसरं एखादं बरं कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही.

भीती कसली, ते सांगतो. नंदा आमची एकुलती एक. जन्मली तेव्हा रडली नाही. पाय ताठ, मान ढिली, तोंडातून लाळ. बोलत नाही, पण हाक मारली की घशातून एक आवाज काढते, आणि तो आवाज आनंदाचा की दुखण्याचा हे मला आणि तिच्या आईला कळतं. नऊ वर्षांची होईपर्यंत तिने चाळीतली आमची दहा बाय बाराची खोली आणि इस्पितळाचा बाक, एवढंच जग पाहिलं होतं. संप लागला, तेव्हा शेवंताने, म्हणजे माझ्या बायकोने, दादरला घरकाम धरलं. घरी मी उरलो. म्हणून नंदाला खांद्यावर टाकून परळच्या त्या केंद्रात न्यायचं काम माझ्याकडे आलं. केंद्र दुसऱ्या मजल्यावर. ज्या मुलांना चालता येत नाही त्यांच्यासाठीचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर का, हे तेव्हा मला विचारावंसंही वाटलं नाही. आमच्यासारख्यांना परवडेल असं तेवढं एकच होतं.

आणि तिथे पोर शिकत होती. हे खोटं सांगणार नाही. सहा महिन्यांत नंदा टेकू न घेता बसायला लागली. एक दिवस घरी तिने दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायलं. निम्मं अंगावर सांडलं, निम्मं पोटात गेलं. शेवंताने ते पाहिलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली, कितीतरी वेळ. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच धास्ती बसली. बाईंची मर्जी फिरली तर नाव कापलं जाईल. पेला पुन्हा तिच्या हातातून जाईल.

आणखी एक गोष्ट. मी बारा वर्षं बदली कामगार होतो. ज्यांना गिरणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतात तो बदली. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येणार, तोंडं बघणार, बोट दाखवणार. ज्याच्याकडे बोट तो आत. कुठल्या खात्यात, कुठल्या साच्यावर, हे विचारायचं नाही. विचारणारा दुसऱ्या दिवशी जॉबरला दिसतच नाही, समोर उभा असला तरी. आत गेलं की पुढे येईल त्या कागदावर सही करायची. कागद वाचत बसला तर मागचा माणूस ढकलतो. बारा वर्षांत माझा हात इतका तयार झाला होता की कागद दिसला की पेन मागायचा. केंद्रातही मी तसाच उभा राहायचो. भिंतीला पाठ लावून, नजर खाली.

मोठ्या बाईंना ते आवडलं असणार. कारण एक दिवस त्यांनी मला आत बोलावून बसायला सांगितलं. खुर्चीवर. म्हणाल्या, वरून पत्र आलंय, केंद्राच्या कारभारात पालकांचा सहभाग हवा, समितीवर एक पालक घ्यावा लागणार आहे.

‘तुम्ही समंजस आहात. वाद घालत नाही. तुमचं नाव घालते,’ त्या म्हणाल्या.

आणि मी फुललो. आज लाज वाटते, पण फुललो. जयंतीला घालायचा पांढरा शर्ट शेवंताने काढून दिला. चाळीत बातमी गेली. समोरच्या खोलीतला मालवणी शेजारी जाता-येता म्हणायचा, ‘काय रे मेंबर, आता आमका वळख दाखवशील मा?’ गिरणी बंद, हातात काम नाही, आणि लोक मला मेंबर म्हणत होते. मला ते बरं वाटत होतं.

समितीच्या तीन बैठका झाल्या. बोलणं सगळं इंग्रजीत. मी कपाटाजवळच्या खुर्चीवर. सगळे हसले की मी हसायचो, सगळ्यांनी मान हलवली की मीही हलवायचो. चहा त्यांना कपबशीत यायचा आणि मला स्टीलच्या पेल्यात. ते मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवलं. तिसऱ्या बैठकीत इंग्रजीत टाईप केलेला कागद सगळ्यांपुढून फिरत शेवटी माझ्याकडे आला. मी विचारलं, ‘सही कुठे करू?’ बैठकांतून माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. बाईंनी जागा दाखवली. मी सही केली, स्वच्छ, नीट, पूर्ण नावानिशी.

पंधरा दिवसांनी हिराबाई मला केंद्राच्या जिन्यात भेटली. हिराबाई कफ परेडच्या मच्छीमार नगरातली कोळीण. तिची रेखा बारा वर्षांची, तिला फिट यायच्या. पोरीला काखेत मारून ही बाई बसने परळला यायची. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून बाईंनी तिची बसायची जागा जिन्यातच ठरवून दिली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने कमरेला खोचलेलं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. मी सातवी पास, म्हणून वाचून दाखवायला लागलो.

पत्र मराठीत होतं. ‘पालक समितीच्या विनंतीनुसार, जी मुले स्वतः चालू शकत नाहीत अथवा ज्यांना शौचाचे भान नाही, त्यांना शहराबाहेरील निवासी संस्थेत हलविण्यात येत आहे. पालकांना महिन्यातून एका रविवारी भेटता येईल. संमती न देणाऱ्यांच्या पाल्याचे नाव कमी करण्यात येईल.’ खाली माझं नाव छापलेलं, पुढे ‘पालक प्रतिनिधी’, आणि बैठकीतल्या कागदावरून छापलेली माझी सही.

मी सहीपाशी येऊन थांबलो.

‘थांबलास का? पुढं वाच ना, भाऊ,’ हिराबाई म्हणाली.

‘झालं. संपलं पत्र,’ मी म्हणालो.

‘सही कोनाची हाय?’

‘ऑफिसची आहे,’ मी म्हणालो.

फडकं फिरवलं तेव्हा माझा अपमान दुसऱ्यांनी केला होता. हा मी स्वतः केला. एका अडाणी बाईला, जिची पोर माझ्या सहीने जाणार होती, तिच्याच हातातल्या पत्रावरची सही मी तिला खोटी सांगितली. ती रेखाला उचलून जिना उतरली. उतरताना रेखाच्या केसांतली पिन नीट करत होती.

घरी गेलो तर आमचंही पत्र आलेलं. शेवंताने ते दादरला कामावर नेऊन तिथल्या मुलीकडून वाचून घेतलं होतं. सही कुणाची तेही तिला कळलं होतं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती नंदाचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसली होती. वर न बघता बोलली.

‘तुमी सई केली?’

‘केली.’

‘काय लिवलंय ते इचारलं?’

‘नाही.’

तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. ‘गिरनीत तुमाला ही सवय लागली. तितं पोटासाटी चालली. हितं ती माज्या पोरीच्या मुळावर आली,’ ती म्हणाली. एवढंच. नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते दोन दिवस मी नंदाला नजर देऊ शकलो नाही. ती मला बघून तिचा तो आनंदाचा आवाज काढायची. तिला काय माहीत.

पोर तिकडे गेली तर काय होईल हे मला स्पष्ट दिसत होतं. तिचा आवाज ओळखणारं तिथे कुणी नसेल. ती पाणी मागेल आणि लोकांना वाटेल हट्ट करतेय. महिनाभर ती दाराकडे बघत राहील. हे सारखं डोक्यात यायचं. बाईंसमोर उभं राहून बोलायचं मनात आणलं की तीच भीती उलट्या बाजूने यायची. आज नाव कापलं तर? म्हणजे गप्प बसलो तरी पोर जाणार आणि बोललो तरी पोर जाणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून मी मच्छीमार नगरात गेलो. हिराबाई बांबूंवर बोंबील टाकत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ती सही ऑफिसची नाही, माझी आहे. तिचे हात थांबले नाहीत. एक एक बोंबील उचलून ती त्याचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवत होती.

‘वाचत व्हतास तवा ठाव व्हतं?’

‘होतं.’

‘मग आता सगल्यांच्या घरी जा, नि वाचून दाकव. तुझं नाव सोडू नको,’ ती म्हणाली. पाणी विचारलं नाही. बस म्हणाली नाही.

अकरा मुलांना पत्रं गेली होती. मी नऊ घरं फिरलो. काही लालबागला, काही काळाचौकीला, एक भायखळ्याच्या बाजूला. प्रत्येक दारात पत्र मागून घ्यायचं, पहिल्या ओळीपासून वाचायचं आणि शेवटी माझं नाव मोठ्याने घ्यायचं. माझंच नाव घेताना जीभ जड व्हायची. एकीने दार लावून घेतलं. एका आजीने मला बसवून घेऊन विचारलं, पत्रात म्हटलंय तसं महिन्यातून एकदा तरी भेटायला मिळेल ना. काळाचौकीला एक बाप माझ्यासारखाच संपातला. नाव ऐकल्यावर त्याने माझी कॉलर धरली आणि कानाखाली वाजवली. गॅलरीतले लोक बाहेर आले. मी हात वर केला नाही. त्याची बायको मध्ये पडली. मग तोच मला आत घेऊन गेला, दोन्ही हातांनी डोकं धरून बसला आणि म्हणाला की त्याने त्या पत्रावर कालच संमतीचा अंगठा दिला होता, बाईंनी मागितला म्हणून. त्यालाही कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

केंद्राचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. ट्रस्टी येणार, देणगीदार येणार. पालकांना मागच्या रांगेत बसायला सांगितलं होतं. मला मात्र पुढे, समितीवर ना मी. कार्यक्रमाच्या दिवशी मोठ्या बाईंनी भाषणात सांगितलं, आमच्याकडे प्रत्येक निर्णय पालकांना विचारून होतो. आणि माझ्याकडे हात केला. टाळ्या वाजल्या.

मी उभा राहिलो. बाजूची खुर्ची धरली. मी म्हणालो, ‘मला बोलायचंय.’

बाईंचं हसू तसंच राहिलं. ‘नंतर, हं,’ त्या म्हणाल्या.

‘आत्ता,’ मी म्हणालो. ‘मुलांना बाहेरगावी पाठवायच्या कागदावर माझी सही आहे. तो कागद मी वाचला नव्हता. पालकांनी अशी विनंती केलेली नाही. मी सही मागे घेतो.’

‘सही तुमचीच आहे ना?’

‘माझीच.’

‘तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत.’

‘नाही विचारलं. ती माझी चूक. आता विचारतो. आम्हाला न विचारता आमची मुलं कुठे जाणार हे कुणी ठरवलं?’

मागच्या रांगेत हिराबाई रेखाला घेऊन उभी राहिली. त्या दिवशी ती जिन्यात बसली नव्हती. मग काळाचौकीचा बाप. मग आणखी चार. बाकीचे बसून राहिले, मान खाली घालून. मी त्यांना बोल लावत नाही. मी बारा वर्षं तसाच उभा होतो.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या ट्रस्टींनी पत्र मागितलं आणि ते इंग्रजीत सांगायला लावलं. ऐकल्यावर त्यांनी बाईंना हे काम थांबवायला सांगितलं. मुलांना हलवायचं त्या वर्षी थांबलं. लोकांना वाटतं, गोष्ट इथे संपली, जिंकलो आम्ही. तसं झालं नाही. आठ दिवसांनी मला समितीवरून काढल्याचं पत्र आलं, आणि त्याच पाकिटात दुसरा कागद होता. ‘शिस्तीच्या कारणास्तव’ नंदाचं नाव कमी करण्यात आलं होतं. बाकी दहा मुलं राहिली. माझी गेली.

ज्याची भीती होती तेच झालं. त्या दिवशी मी चाळीच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो. शेवंता शेजारी येऊन बसली. ती म्हणाली, ‘बरं झालं बोललात.’ तिचं ते बोलणं मला पटलं नाही. तिलाही पटलं होतं की नाही कोण जाणे.

गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. नंदाला घरी मला जमेल तेवढा व्यायाम मी देत होतो, पण माझे हात साच्यावरचे. वर्षभरात तिचे पाय आखडले. टेकू न घेता बसणं गेलं. पेला गेला. आता ती चौदाची आहे आणि मी तिला चमच्याने पाणी पाजतो. हे माझ्या बोलण्याने झालं. कुणी मला त्यात काही चांगलं काढून दाखवू नये. आणि तरी मी ते बोललो नसतो तर आज अकरा पोरं त्या दूरच्या दाराकडे बघत बसली असती. हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्ही घेऊन राहतो.

पण आमचे ते सहा पालक फुटले नाहीत. आमच्या चाळीच्या बुद्धविहारातली तळमजल्याची खोली सकाळपुरती आम्ही मागून घेतली. तिथे मुलांना घेऊन बसतो. हिराबाई मासळी विकून झाली की येते. नियम एकच केला. कुठलाही कागद आला की आधी सगळ्यांसमोर, मराठीत, शेवटच्या नावापर्यंत वाचायचा. ज्याला कळला नाही त्याने सांगायचं, आणि मग तो पुन्हा वाचायचा. पहिल्यांदा असा कागद वाचला तेव्हा चार वेळा वाचावा लागला.

आता वॉर्डात नवीन केंद्र काढायचं चाललंय. गेल्या आठवड्यात चिठ्ठी आली. चर्चेसाठी दोन पालकांनी यावं, मुलांना सोबत आणू नये, बैठकीच्या जागी गैरसोय होते. चिठ्ठीला मसुदा जोडलेला आहे. सगळं ठरलेलं, टाईप केलेलं, फक्त पालकांच्या सह्यांची जागा रिकामी. आणि केंद्र पहिल्या मजल्यावर.

मंगळवारी बैठक आहे. आजपासूनच मला जेवण जात नाही. नवे साहेब, नवी टेबलं, पण भीती जुनीच, ती काही कुठे गेली नाही आणि जाईल असंही मला वाटत नाही. मी घाबरूनच जाणार आहे. आम्ही दोघे जाणार नाही, चौदा जण जाणार आहोत, आणि मुलं सोबत. मुलं ओरडतील, लाळ गाळतील, कुणाला फिट येईल. ज्यांच्याबद्दल ठरवायचंय ती ही अशी आहेत. त्यांच्याकडे बघत ठरवा, हे मी सांगणार आहे. नंदा आता जड झालीय, तरी तिला मी खांद्यावर घेणार आहे. आत सोडलं नाही तर तिला घेऊन दाराच्या चौकटीत उभा राहीन. दार लावायचं असेल तर आमच्या दोघांच्या अंगावर लावावं लागेल. नंदा आत येईपर्यंत ती बैठक सुरू होणार नाही.